घर एक, संस्कार एक; मग एक देव मानतो, दुसरा का मानत नाही?

प्रश्न : थोरला मुलगा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला आहे. गेल्या गणपतीत त्याने सांगून टाकलं, ‘मी आरतीला उभा राहणार नाही, देव वगैरे काही नसतं.’ धाकटी दहावीत आहे. ती कोणी न सांगता संकष्टी धरायला लागली आहे, चंद्रोदयापर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाही. दोघं एकाच घरात वाढली, सण सारखे, शाळाही तीच. माणसाचं देवाबद्दलचं मत नेमकं बनतं कसं? आमचं कुठे चुकलं का?

उत्तर :

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. चुकलं नाही. मुलगा बिघडलेला नाही आणि मुलगी फार गुणाची झाली असंही लगेच समजू नका. तिच्याकडे शेवटी येते.

मी समुपदेशनाचं काम करते. देव हा विषय घेऊन माझ्याकडे कोणी येत नाही. लग्न, परीक्षा, दारू, घरातला मृत्यू असं काहीतरी घेऊन येतात आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत देव निघतो. ‘तुम्ही देव का मानता’ किंवा ‘का मानत नाही’ असं विचारलं की जो तो युक्तिवाद सांगतो. मानणारा म्हणतो, एवढं विश्व कोणीतरी चालवत असणारच. न मानणारा म्हणतो, पुरावा दाखवा. दोघंही प्रामाणिक असतात. पण जरा मागे गेलं की दिसतं, हे युक्तिवाद मागाहून आलेत. मत त्याआधीच ठरून गेलं होतं; कोणाचं तरी वागणं बघून, कोणाच्या तरी मायेत, नाहीतर कोणावरच्या तरी रागात.

तीन वर्षांचं मूल स्वयंपाकघराच्या दारात उभं आहे असं समजा. मोदक उकडून झालेत, वास सुटलाय. ते हात पुढे करतं आणि आजी म्हणते, ‘थांब, आधी देवाला.’ मूल भोकाड पसरतं. आणि मग त्याच्या लक्षात येतं की आजोबाही थांबलेत. ज्या बाबांना घरात कोणी ‘नाही’ म्हणत नाही, ते बाबाही भूक लागली असताना ताटकळत उभे आहेत. आजी पाण्याने चौकोन काढते, त्यावर ताट ठेवते, ताटाभोवती पाणी फिरवते, डोळे मिटून काहीतरी पुटपुटते. खायला कोणी आलेलं दिसत नाही, तरी सगळे थांबलेत. देवाबद्दलचा पहिला धडा हा. देव आहे की नाही, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही. घरातली सगळ्यात मोठी माणसं ज्याच्यासाठी भूक आवरतात असा कोणीतरी आहे, एवढंच मुलाला कळतं, आणि ते पुरतं.

जोसेफ हेन्रिक या मानववंशशास्त्रज्ञाने २००९ मध्ये हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली. बोलायला काही लागत नाही, म्हणून मुलं (आणि मोठीही) नुसत्या बोलण्यावर विसंबत नाहीत. बोलणारा त्यासाठी स्वतःचं काय खर्ची घालतो, हे बघतात. उपास, पहाटेची आंघोळ, वारीत पायाला आलेले फोड. ज्या घरात देवाचं नाव सतत तोंडी असतं पण त्यासाठी कोणी काही सोसत नाही, त्या घरातली मुलं मोठी होऊन नास्तिक झाली तर मला नवल वाटत नाही. आणि ज्या घरात नाव एक आणि करणी दुसरी असते, तिथे तर ती फार लवकर होतात. एक तरुण माझ्याकडे यायचा. त्याचे वडील ज्या खात्यात होते तिथे टेबलाखालून पैसे घेतल्याशिवाय कागद हलत नसे, आणि दर श्रावणात घरी दणदणीत सत्यनारायण. मुलगा म्हणाला, ‘देव असता तर आमच्याकडचा प्रसाद त्याला गोड लागला नसता.’ पुढे त्याने नास्तिकतेवर पुष्कळ वाचलं. पण ते नंतर.

दुसरी गोष्ट मायेची. व्हर्न बेंग्ट्सन या समाजशास्त्रज्ञाने दक्षिण कॅलिफोर्नियात १९७० पासून साडेतीनशेच्या वर कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्या मागोवा घेतला. आईवडिलांची श्रद्धा मुलांत उतरते ती कुठे? जिथे मुलांना आईवडील, त्यातही वडील, जवळचे वाटतात तिथे. धर्मनिष्ठ पण कोरड्या, धाकदपटशाच्या बापाची श्रद्धा मुलं सहसा टाकून देतात. हा अभ्यास अमेरिकेतल्या, मुख्यतः ख्रिश्चन आणि ज्यू घरांचा आहे, तो आपल्याला जसाच्या तसा लावू नये. आपल्याकडे देवघर बहुधा आजीच्या ताब्यात असतं आणि वडील मुख्यतः आरतीला हजर असतात. त्यामुळे बापाच्या जागी आजी ठेवून वाचलं तर मला ते पटतं. तुमच्या मुलांमध्ये चार वर्षांचं अंतर आहे. थोरला पाच वर्षांचा असताना घरात कोण होतं, पूजा कोण करत होतं, तुमची नोकरी कशी होती, आणि धाकटी पाच वर्षांची असताना काय होतं, हे एकदा शांतपणे आठवून बघा. ‘एकाच घरात वाढली’ हे मोठ्यांच्या नजरेतून असतं. मुलांच्या नजरेतून ती बहुधा दोन वेगळी घरं असतात.

त्यात जन्मतः आलेला स्वभावही आहेच. अमेरिकेत मिनेसोटातल्या जुळ्या भावांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. किशोरवयातल्या धार्मिकतेत जो फरक माणसामाणसांत दिसतो, त्यातला ५६ टक्के घराच्या वातावरणाने आणि १२ टक्के आनुवंशिकतेने समजावता येत होता. तेच पुरुष तिशीत आल्यावर घराचा वाटा १८ टक्क्यांवर आला आणि आनुवंशिकतेचा ४४ वर गेला. किशोरवयातले आकडे आठवणीवरून घेतलेले होते, त्यामुळे त्यांना चिकटून बसू नका. पण दिशा ओळखीची आहे. घरात असेपर्यंत पोरं घरासारखी असतात, बाहेर पडली की ज्याच्या त्याच्या पिंडावर जातात. तुमचा मुलगा बाहेर पडलाय, मुलगी अजून घरात आहे. दहा वर्षांनी दोघांच्या जागा बदललेल्याही दिसतील. मी असं झालेलं पाहिलंय.

आता ‘देव’ म्हणजे कोणता देव, हेही बघायला हवं. आपल्याकडे एकाच माणसाच्या वाट्याला तीन-चार देव वेगवेगळ्या दारांनी येतात. कुलदैवत जन्माने मिळतं. जेजुरीचा खंडोबा किंवा तुळजापूरची भवानी तुमच्या सासरी का, याचं उत्तर ‘पूर्वीपासून आहे’ एवढंच. ग्रामदैवत राहण्याच्या जागेमुळे येतं. बाईचं तर लग्नाबरोबर कुलदैवतच बदलतं, आणि तिचं त्यावर मत काय, हे विचारायची पद्धतच नाही. ती बिचारी माहेरहून आलेली अन्नपूर्णा देवघराच्या कोपऱ्यात ठेवते आणि सासरच्या देवांना आंघोळ घालता घालता हळूच तिच्याशी बोलते. खासगी श्रद्धा म्हणतात ती मला तिथे दिसते.

आणि मग इष्टदैवत. एवढं एकच दैवत माणूस स्वतः निवडतो, निदान त्याला तसं वाटतं. स्वामी समर्थ, गजानन महाराज, साईबाबा, दत्त. ही निवड कधी झाली असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर दवाखान्यात येऊन थांबतं. आयसीयूबाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने एक छोटी पोथी हातात ठेवली आणि म्हणाली, ‘वाचा, बरं वाटेल.’ रुग्ण बरा झाला तर देव आयुष्यभरासाठी घरात आला. नाही झाला तरी कधीकधी राहतो, कारण त्या रात्री सोबत होती ती त्या पोथीची.

लहान मुलांकडे यासाठी लागणारी तयारी आधीपासून असते, असं मानसशास्त्र सांगतं. डेबोरा केलेमन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांना विचारलं, काही दगड टोकदार का असतात? माती साचून तसे झाले, की प्राण्यांना अंग खाजवता यावं म्हणून? सात-आठ वर्षांच्या मुलांनाही खाजवण्याचं उत्तर जास्त पटलं. प्रत्येक वस्तू कशासाठी तरी आहे, कोणीतरी काही हेतूने केली आहे, हे मुलांना शिकवावं लागत नाही. पण तेवढ्यावरून विठोबा येत नाही आणि येशूही येत नाही. नाव, रूप, गोष्ट घरातूनच यावी लागते.

आणि मोठेपणी तत्त्वज्ञान शिकलं तरी ही पहिली मूर्ती जात नाही. जस्टिन बॅरेट आणि फ्रँक काइल यांनी १९९६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आधी विचारलं, देव कसा आहे? उत्तर आलं, सर्वज्ञ, सर्वत्र, एकाच वेळी सगळं करू शकणारा. मग त्यांना एक गोष्ट दिली. नदीत पोहणाऱ्या मुलाचा पाय दोन खडकांत अडकतो, तो देवाचा धावा करतो. देव त्या वेळी दुसरीकडे कोणाची तरी प्रार्थना ऐकत असतो, आणि थोड्याच वेळात तो एक खडक सरकवून मुलाचा पाय सोडवतो. नंतर आठवून सांगायला लावलं तेव्हा पुष्कळांनी सांगितलं, देवाने आधी ते काम उरकलं आणि मग मुलाकडे आला. गोष्टीत तसं म्हटलेलंच नव्हतं. बॅरेट यांनी पुढे उत्तर भारतात हिंदूंवर हाच प्रयोग केला, तिथेही तेच.

पंढरपूरला जाणाऱ्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आषाढीच्या आधी विठोबाचा पलंग काढतात, म्हणजे देव आता झोपणार नाही, दिवसरात्र दर्शन देणार. वारी पार पडली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा काढतात, काढा देतात. निर्गुण निराकारावर तासभर प्रवचन करणारा माणूस त्या पूजेचं ऐकून ‘दमला असेल हो’ म्हणतो, आणि त्याला यात काही विसंगती वाटत नाही. मला हे ढोंग वाटत नाही. सांगण्यातला देव एक असतो आणि वागण्यातला एक, आणि दोन्ही एकाच डोक्यात सुखाने नांदतात. म्हणून मी कोणाला ‘तुमचा विश्वास काय’ असं विचारत नाही. रात्री दोन वाजता फोन वाजला तर तोंडून पहिलं काय निघतं, ते विचारते. तुमच्या मुलाच्या तोंडून ‘देवा’ निघालं तर त्यावरून त्याला टोमणा मारू नका. त्याचं सांगणंही खोटं नाही.

शिकलेली, बुद्धिमान मुलंच नास्तिक होतात, असा एक समज आहे. मुलं तो खुशीने वापरतात आणि आईबाप घाबरून. २०१२ मध्ये एका नामांकित विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग आला होता. विचारमग्न माणसाच्या पुतळ्याचं चित्र दाखवून लोकांना विश्लेषक विचाराकडे वळवलं की त्यांची देवावरची श्रद्धा कमी भरते, असा त्याचा निष्कर्ष. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. २०१७ मध्ये दुसऱ्यांनी तो जास्त लोकांवर पुन्हा करून पाहिला, तर काहीच फरक आढळला नाही. तेव्हा इंजिनिअरिंगच्या पुस्तकांना दोष देऊ नका. एकोणीस वर्षांच्या मुलाला ‘हे घर म्हणजे मी नव्हे’ हे कुठेतरी सांगायचं असतं. कोणी ते केस वाढवून सांगतं, कोणी अंडं खाऊन. तुमच्या घरात आरतीला सगळ्यात जास्त किंमत आहे, म्हणून त्याने आरती निवडली असणं शक्य आहे. किंवा त्याने खरोखर विचार केला असेल. दोन्हीतलं काय आहे, ते तुम्ही वाद घातला तर कधीच कळणार नाही.

बायकांच्या बाबतीत मला वेगळं दिसतं. देवापासून दुरावलेल्या किती बायकांनी मला पहिला तडा सांगितला तो पाळीचा. बारा-तेराव्या वर्षी, ऐन गौरींच्या दिवशी, ‘तू शिवू नकोस, बाजूला बस.’ काल जिने गौरींचे मुखवटे पुसले, तिच्या सावलीलाही आज बंदी. भाऊ मात्र आंघोळ न करता मखराला हात लावतो. त्या मुलीने त्या दिवशी डार्विन वाचलेला नसतो. तिला फक्त अन्याय कळतो, आणि अन्याय करणारी माणसं देवाचं नाव घेऊन तो करतात, हे कळतं. काही जणी मोठेपणी सोवळं टाकून देव ठेवतात, काही जणी दोन्ही टाकतात.

हाच अन्याय सबंध समाजावर झाला तर काय होतं, हे महाराष्ट्राइतकं दुसऱ्या कोणी पाहिलं नसेल. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी सांगितलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी त्यांच्यामागून बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आणि त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, अशी. त्या मैदानातल्या प्रत्येकाने ईश्वराच्या अस्तित्वाचा तात्त्विक उलगडा केला होता का? नसेल. ज्याच्या देवळाबाहेर आपल्या बापजाद्यांना उभं केलं, त्याच्याशी नातं तोडायचं होतं, आणि ज्या माणसावर जीव होता तो समोर उभा राहून स्वतः ते तोडत होता. घरी जाऊन कित्येकांनी देव्हारे रिकामे केले. त्यांच्या नातवंडांना नास्तिक व्हावं लागलं नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, सकाळी वंदना. त्यांना देव हा प्रश्नच वारशात आला नाही. प्यू या संशोधन संस्थेने २०१९-२० मध्ये भारतात जवळपास तीस हजार प्रौढांशी बोलून पाहणी केली. देव मानणारे ९७ टक्के निघाले. बौद्धांत मात्र सुमारे एक तृतीयांश लोकांनी ‘मानत नाही’ असं सांगितलं, आणि भारतातले बहुतेक बौद्ध महाराष्ट्रातच आहेत. तुमच्या मुलाच्या आणि त्यांच्या ‘मानत नाही’मध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. त्यांना ते घरातून मिळालं, तुमच्या मुलाला घराशी भांडून मिळवायचंय.

संकटाने श्रद्धा वाढते की जाते, असं मला नेहमी विचारतात. दोन्ही होतं. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला फेब्रुवारी २०११ मध्ये भूकंप झाला, तेव्हा थेट झळ बसलेल्या लोकांत धर्माकडे वळणारे वाढले; बाकी देशात तसं झालं नाही. आपल्याकडे किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे झाला. ‘आदल्या रात्रीच तर निरोप दिला होता’ हे वाक्य एकाच्या तोंडी श्रद्धा संपल्याचं म्हणून येतं, आणि दुसऱ्याच्या तोंडी ‘तो गेला म्हणून झालं’ असं होतं. तुकोबांनी दुष्काळात बायको आणि मूल गमावलं, दुकान बुडालं, आणि ते विठोबाला आणखी घट्ट धरून बसले. माझ्या अनुभवात माणूस कुठे वळेल, हे त्या दिवसांत त्याच्या शेजारी कोण बसलं होतं आणि ते काय बोललं, यावर फार अवलंबून असतं. लेकरू गेलेल्या आईला ‘पूर्वजन्मीचं असेल’ म्हणणारा शेजारी एका वाक्यात देवाला घराबाहेर काढतो.

आणखी एक सांगते. ‘देव नाही’ म्हणणाऱ्यांतले बरेच जण नास्तिक नसतात, रुसलेले असतात. ‘नाही’ म्हणताना आवाज चढला, डोळ्यांत पाणी आलं, की समजावं. जो नाहीच त्याच्यावर कोणी इतकं चिडत नाही. आपली परंपरा याबाबतीत मोठी उदार आहे. जनाबाईने विठोबाला शिव्या घातल्या आणि आपण त्या अभंग म्हणून गातो. मुलाचा आवाज सपाट असेल, तर मात्र त्याला ‘रुसलाय’ म्हणणं हा त्याचा अपमान आहे.

आता घरातलं. मुलाला आरतीला उभं राहायची सक्ती करू नका. पण गणपती आणायला गाडी काढ, मखराचं वायरिंग कर, आल्यागेल्याला चहा दे, हे हक्काने सांगा. बहुतेक पोरं हे आनंदाने करतात, कारण त्यांचं भांडण माणसांशी नसतं. ‘तुला असं कधीपासून वाटायला लागलं?’ हे एकदा विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसा. ‘का’ विचारलंत तर तो युक्तिवाद सांगेल. ‘कधीपासून’ विचारलंत तर घडलेलं सांगेल. तुमच्या यजमानांनी विचारलं तर अधिक बरं, पण रागावून नव्हे, दुचाकीवर मागे बसून वगैरे, समोरासमोर न बसता.

मला जास्त चौकशी मुलीची करावीशी वाटते. दहावीचं वर्ष, कोणी न सांगता धरलेला निर्जळी उपास. तो मायेतून आला असेल तर छानच. तिला विचारा, ‘एखादी संकष्टी चुकली तर काय होईल गं?’ ती ‘काही नाही, पुढची करीन’ म्हणाली तर विषय संपला. ‘मार्क कमी पडतील’ म्हणाली तर ती परीक्षेची भीती आहे, अभ्यासाबद्दल बोला. पण ‘तुला किंवा बाबांना काहीतरी होईल’ असं म्हणाली, एकच श्लोक चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणत असेल, पुनःपुन्हा हात धुऊन मगच देवाला शिवत असेल, पूजेत नको ते विचार येतात म्हणून रडत असेल, तर ती भक्ती वाढलेली नाही, मंत्रचळाचा (ओसीडी) आजार असू शकतो. तो या वयात सुरू होतो, घरच्यांना कौतुकाचा वाटतो म्हणून वर्षानुवर्षं लपतो, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, गुरुजींकडे नको. आणि कारण काहीही निघालं तरी तिला त्या दिवशी पाणी, दूध, फळं घ्यायला लावा. पाळी सुरू असलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या.